जास्तीचे तीस हजार

७ मार्च

आशीर्वाद लिहावेत असे आपले संबंध उरलेले नाहीत, आणि खुशाली विचारावी इतकं माझं डोकं ठिकाणावर नाही. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

मंगळवारी बाबांच्या नावाने कर कार्यालयाची नोटीस आली. बाबांना पेन्शन आहे बोटांवर मोजण्याइतकी. चष्म्यांचं दुकान गेल्यापासून त्यांचा कराशी काही संबंध नाही. मला वाटलं पत्ता चुकला. मग आत नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, आणि खुर्ची ओढून बसले.

तुला माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगते. पाच वर्षांपूर्वी मी बाबांच्या नावाने बँकेत करमुक्त बचत खातं उघडलं. त्यात एका माणसाला वर्षाला सहा हजारच टाकता येतात. व्याजावर एक पैचा कर नाही, म्हणून ही मर्यादा. मी माझ्या पगारातून दरमहा पाचशे टाकते. दातांच्या लॅबमध्ये मुली हसतात, म्हणतात, दात कोरून कुठे पोट भरतं का. मी म्हणते, आपलं तर दातांवरच भरतं. असो. बारा हप्ते, सहा हजार, एक रुपया इकडचा तिकडे नाही.

नोटिशीत म्हटलं आहे की बाबांच्या नावावर अशी दोन खाती आहेत. दुसरं एका गुंतवणूक कंपनीत आहे. मर्यादा माणसाला असते, खात्याला नव्हे. यंदापासून सगळ्या बँकांची माहिती एकत्र तपासतात, तेव्हा हे उघडकीला आलं. पाच वर्षांत मर्यादेपेक्षा तीस हजार जास्त जमा झाले. त्यावर दंड नऊ हजार. साठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर भरा. म्हणजे दोन मेपर्यंत.

मी आधी समजले कुणीतरी बाबांच्या कागदपत्रांवर हात मारलाय. तशीच बँकेत धावले आणि मी उघडलेल्या खात्यातले दहा हजार काढून घरी कपाटात आणून ठेवले, निदान तेवढे तरी वाचतील म्हणून. मग नोटीस बाबांपुढे धरली. त्यांनी भिंग घेतलं, दोन्ही बाजू वाचल्या, मागे छापलेले बारीक नियमसुद्धा वाचले, आणि म्हणाले, "त्याचं असेल."

मी विचारलं, कुणाचं? त्यांनी कागद मागितला आणि तुझा पत्ता लिहून दिला. बंदर, कामगार वसाहत, इमारत, खोली, पिनकोड. कुठे बघून नाही. पाठ होता त्यांना.

नऊ वर्षं या घरात तुझं नाव निघालेलं मी ऐकलेलं नाही, आणि बाबांना तुझा पिनकोड पाठ आहे.

तर विचारते. आता बाबांच्या नावावर काय चालवलं आहेस? स्वतःच्या कमाईवरचा कर चुकवायला म्हाताऱ्या बापाचं नाव वापरतोस? दुकान विकून आलेले चाळीस हजार तू त्या दुप्पट करून देणाऱ्या कंपनीत घालवलेस. तेव्हाही अंगाशी आल्यावर म्हणालास की कागद ताईला दाखवला होता. मी तो विषय काढणार नव्हते. तू काढायला लावलास.

खातं बंद कर आणि तसं लेखी कळव.

तुझी मोठी बहीण

१९ मार्च

तुझं उत्तर मिळालं, त्याला उत्तर म्हणायचं असेल तर. माझ्याच पत्राच्या पाठीवर दोन ओळी: "पैसे बाबांचे आहेत. पासवर्ड त्यांना माहीत आहे."

बाबांना विचारलं. त्यांनी शांतपणे पासवर्ड सांगितला. मी लॅबच्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत खातं उघडलं. शेजारी एका बाईंची कवळी मेणातून काढायची राहिली होती, ती तशीच राहिली.

सहा वर्षं. दर वर्षी जानेवारीत सहा हजार, एकरकमी. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव. काढलेले: शून्य. सहा वर्षांत एकदाही नाही. बाबांशिवाय कुणाला काढता येणार नाहीत अशी व्यवस्थाही तूच करून ठेवलेली. टाकलेले छत्तीस हजार, आणि आजची किंमत चव्वेचाळीस हजार दोनशे.

मी तो आकडा बघत बसले. चाळीस बुडाले होते. तू चव्वेचाळीस उभे केलेस. आणि मी तुला कर चुकवणारा म्हटलं, ते पोस्टात टाकून मोकळी झाले. ते शब्द मागे घेते. सगळे.

दुसऱ्या दिवशी कपाटातले दहा हजार घेऊन पुन्हा बँकेत गेले. चोर कुणी नव्हता, तर पैसे होते तिथे ठेवावेत, एवढंच डोक्यात होतं. काउंटरवरची बाई ओळखीची आहे, तिच्या सासूची कवळी मीच केली आहे. तिने स्लिप बघितली आणि परत सरकवली. म्हणाली, "ताई, हा काही घरातला डबा नाही, काढले आणि परत ठेवले असं करायला. परत टाकलेत की ते नवीन भरणा धरतात. आधीच तीस जास्त आहेत, ते चाळीस होतील." काढल्याने जी जागा रिकामी होते ती पुढच्या वर्षीच मिळते म्हणे. पाच वर्षं खातं चालवते आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मागे छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

मग तिला म्हटलं, भावाचे वाढून चव्वेचाळीस झालेत, ते वरचे आठ हजारही मर्यादेत मोडतात का? ती म्हणाली, नाही, नफा कितीही होऊ दे, मर्यादा फक्त टाकलेल्या पैशाला. भावाने हुशारी केली, लांबच्या मुदतीचं म्हणून गुंतवणुकीत घातले, तुम्ही नुसते बचतीत ठेवलेत. मी म्हटलं, तोंड भाजलं होतं आमचं एकदा, म्हणून.

नंतर तिने मी सोबत नेलेले दोन्ही खात्यांचे उतारे शेजारी शेजारी ठेवले. पेन घेऊन मला एक गोष्ट दाखवली, ती अजून पचलेली नाही. जो पैसा आधी जमा होतो तो मर्यादेत धरतात. तू जानेवारीतच सहा हजार भरून मोकळा होतोस. माझा जानेवारीचा हप्ता महिनाअखेरीला पगारातून जातो. म्हणजे मी पहिले पाचशे टाकायच्या आधीच त्या वर्षीची जागा भरलेली असते. पाचही वर्षं.

तुझे पैसे नियमात आहेत. जास्तीचे तीस हजार माझे आहेत.

घरी येऊन बाबांना विचारलं, दोन्ही अर्जांवर तुमच्या सह्या आहेत, तुम्ही बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही, मग हे कसं झालं? ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "दोन मुलं, दोन खाती. मला वाटलं, हिशेब बरोबर आहे."

आणि मला का नाही सांगितलं? तर म्हणे तुला शब्द दिला होता. तू दर आठवड्याला मी लॅबमध्ये असताना फोन करतोस, हेही आत्ता कळलं. आयुष्यभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून खपलेला माणूस, आणि मला घरातलंच काही दिसू दिलं नाही.

कर कार्यालयात जाऊन येते आणि कळवते.

ताई

२ एप्रिल

कार्यालयात जाऊन आले. उरलेले वीस हजारही काढले आहेत, म्हणजे जास्तीची रक्कम पूर्ण बाहेर आली. पण रक्कम काढल्याने दंड टळत नाही. तो माफ व्हायचा असेल तर जे घडलं ते अजाणतेपणी घडलं हे पटवून द्यावं लागतं.

तिसऱ्या मजल्यावर एक अधिकारी बाई आहेत, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, एकाच बापाच्या नावावर एकाच वेळी बहीण पैसे टाकते आणि भाऊ टाकतो, आणि पाच वर्षं दोघांना पत्ता नाही, हे कसं? मी खालच्या आवाजात म्हटलं, आम्ही बोलत नाही. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "बाई, निम्मे अर्ज त्याच कारणाचे असतात. पण का बोलत नाही ते लिहावं लागतं. नुसतं बोलत नाही असं कुणीही लिहील."

नमुना त्यांनीच दिला. वर खुलासा स्वतःच्या शब्दांत, आणि खाली तीन सह्या: पैसे टाकणारे दोघं आणि खातेदार. तिघांनी पूर्ण मजकूर वाचून सही करायची. तिघांच्या सह्या नसतील तर अर्ज विचारातच घेत नाहीत.

मी मजकूर केला आहे, सोबत जोडते. "नऊ वर्षांपूर्वी घरातील एका आर्थिक व्यवहारावरून कौटुंबिक गैरसमज झाला व त्यामुळे आम्हा भावंडांत संपर्क राहिला नाही." एवढं पुरेल असं वाटतं. सरकारी कागदावर घरची धुणी कशाला धुवायची. तू सही करून पाठव, मग मी करते, मग बाबांकडून घेते.

नऊ हजार म्हणजे बाबांच्या औषधांचं दीड वर्ष आहे. ते भरायचे झाले तर मी भरेन, तुला हात लावू देणार नाही. पण भरावे लागू नयेत असं वाटतं.

क्रेनवर उंच बसून काम करतोस असं बाबांकडून कळलं. लहानपणी स्टुलावर चढवलं तरी रडायचास.

ताई

१३ एप्रिल

कागद परत आला. सही नाही. "कौटुंबिक गैरसमज" हे दोन शब्द तू लाल पेनाने खोडलेस आणि वर लिहिलंस: "गैरसमज नव्हता. खरं लिही, मग सही करतो."

पहिले दोन दिवस मला तुझा राग आला. वाटलं, कात्रीत सापडलेय हे बघून वचपा काढतोयस. मुदत संपायला तीन आठवडेही नाहीत, आणि याला खरं हवंय. लॅबमध्ये एक पूर्ण साचा माझ्या हातून फुटला. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालक म्हणाले, घरी जा.

घरी गेले नाही. बाहेर बाकावर बसले आणि तो दिवस आठवला. मला त्याचा विसर पडलाय असं तुला वाटत असेल. विसरलेले नाही.

तू दुपारी लॅबमध्ये आलास. माझे दोन्ही हात साच्याच्या ओल्या प्लास्टरने भरलेले होते. बाबांनी सांगितलं होतं, ताईने कागद वाचला तरच पैसे टाकीन. तू तो माझ्यासमोर धरलास, पानं तूच उलटत होतास, कारण मला हात लावता येत नव्हता. चार पानं होती. मी पहिलं वाचलं. प्लास्टर घट्ट होत होतं. तू म्हणालास, सावकाश वाच, मी थांबतो. मी म्हटलं, ठीक आहे रे, सगळं ठीक दिसतंय, बाबांना सांग ताईने पाहिलं. तू विचारलंस, नक्की ना? मी म्हटलं, आता जा, माझं काम खोळंबलंय.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की मूळ रक्कम परत करायला कंपनी बांधील नाही. ते मी पैसे बुडाल्यावर वाचलं.

आणि बाबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, तू कागद पाहिला होतास का, तेव्हा मी नाही म्हणाले. तू माझ्याकडे बघत होतास. मला वाटलं होतं, दोन दिवस जातील, बाबांचा राग उतरेल, मग एकटीने त्यांना सांगेन. तू त्याच संध्याकाळी गेलास. मग सांगायचं कुणासमोर आणि कशासाठी, असं म्हणत नऊ वर्षं काढली. त्या पाचशेंच्या मागे तेच होतं. कुणी विचारलं की म्हणायचे, बाबांच्या म्हातारपणाची सोय.

बाबा तुला खोटारडा म्हणाले. ते विशेषण तू नऊ वर्षं माझ्या वतीने अंगावर वागवलंस आणि वर दर जानेवारीत सहा हजार भरत राहिलास. तुझा काही दोष नव्हता असं नाही. ती कंपनी तूच शोधून आणलीस. पण तू दाखवलं होतंस. मी पाहिलं नाही आणि पाहिलं म्हणाले. मग पाहिलं आणि नाही म्हणाले.

हे मी तुला लिहू शकते, कारण तुला ते ठाऊकच आहे. पण त्या कागदावर लिहिलं तर खाली बाबांची सही हवी. म्हणजे त्यांना वाचावं लागणार. भिंग घेऊन, दोन्ही बाजू. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांच्याजवळ राहणारी मी एकटीच आहे. नऊ हजार भरून टाकावेत असं मनात येतं. माझ्याकडे काढलेले तीस आहेतच. कुणाला काही कळणार नाही.

तू ओळखून होतास ना, मी इथे येऊन अडकणार ते.

ताई

२३ एप्रिल

गुंड्या,

मी लिहिलं. मागच्या पत्रातलं सगळं, प्लास्टरसकट. कार्यालयाला प्लास्टरशी काय करायचंय, पण ते गाळलं तर पुन्हा गैरसमजच झाला असता.

रविवारी सकाळी बाबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, अर्ज आहे, वाचून सही करा. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. चहा उतू गेला, तो पुसला, पुन्हा ठेवला. आतून पान उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, हाक मारतील. मारली नाही. शेवटी मीच गेले.

त्यांनी भिंग बाजूला ठेवलेलं होतं. म्हणाले, बस. मी उभीच राहिले.

ते जे म्हणाले ते शब्दशः लिहिते, कारण नंतर मला ते मऊ करून सांगावंसं वाटेल. "तो जाताना जिन्यात मला म्हणाला होता, बाबा, तिला एकदा एकटीला विचारा. मी विचारलं नाही. एक निघालाच होता. विचारलं असतं तर दुसरीही गेली असती."

मी विचारलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, "माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नाही."

गुंड्या, मी पन्नाशीला आले. मला वाटायचं या घरात एकच गोष्ट लपवलेली आहे आणि ती माझ्याकडे आहे. मी रोज त्यांना औषध देत होते, त्यांच्यासमोर बसून जेवत होते, आणि ते नऊ वर्षं माझ्याकडे बघून ठरवत होते की विचारायचं नाही. मला रडू आलं नाही. मी फक्त टेबलाची कड धरून उभी होते. ती अजून हाताला जाणवते आहे.

मग त्यांनी पेन मागितलं. सहीच्या वर जागा होती, "खातेदाराचे म्हणणे". अधिकारी बाई म्हणाल्या होत्या, ती रिकामी सोडली तरी चालते. त्यांनी सोडली नाही. लिहिलं: "माझ्या मुलाने खरे सांगितले होते. मी त्याला खोटे ठरवले. दोन्ही खाती उघडताना एकमेकांना कळवा असे मी मुलांना सांगायला हवे होते. ते न सांगण्याची चूक माझी." सही केली. तारीख घातली.

काल तुझा फोन आला तेव्हा मी घरी होते. रजा घेतली होती. बाबांनी तुला काय सांगितलं ते तुला माहीत आहे, मी दाराशी उभी राहून ऐकलं. मग त्यांनी फोन माझ्यापुढे केला. मी घेतला नाही. मान हलवली आणि बाहेर गेले. तोंडाने सांगायचं धाडस त्या वेळी झालं नाही. लिहून तेवढं जमतं आहे.

अर्ज सोबत आहे. माझी सही आहे, बाबांची आहे, तुझी जागा मोकळी आहे. मुदतीला नऊ दिवस उरलेत, टपालाला तीन धर. केलीस तर दंड माफ होईल असं अधिकारी बाई म्हणतात, नक्की नाही. नाही केलीस तर माझ्या तीस हजारांतून भरून टाकेन आणि तुला एका शब्दाने विचारणार नाही. पुढच्या जानेवारीची जागा तुझीच ठेवते. मला टाकायचे असतील तर आधी तुला विचारीन.

पाकिटात दोन प्रती आहेत, गोंधळू नकोस. बाबांनी मला बसवून सगळा मजकूर पुन्हा हाताने लिहायला लावला, झेरॉक्स नको म्हणाले. मग त्याखालीही त्यांचं म्हणणं लिहून त्यांनी पुन्हा सही केली. पहिली प्रत कार्यालयाची आहे, ती सही करून परत पाठव.

दुसरी तुझी. ती परत पाठवायची नाही.

ताई